परत परत येणारा लकवा आणि वाढलेला एलडीएच: बोरीकाठचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण पासष्टीच्या आसपासचे, बोरी नदीच्या पट्ट्यातले शेतकरी, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात म्हणून आपणही आबाच म्हणू. ओळख पटेल असे बारकावे बदललेत, आजाराचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवलाय. सात-आठ एकर शेती, खरिपात कापूस आणि रब्बीला दादर ज्वारी. बीपीची एक गोळी दहा वर्षांपासून चालू, शुगर नाही, तंबाखू सोडून जमाना झालेला. म्हणजे आमच्याकडे ओपीडीत रोज येतात तसेच एक गृहस्थ, वेगळं काहीच नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आलेल्या, घर भरलेलं, आणि त्याच आठवड्यात आबांच्या उजव्या हातातून पाण्याचा तांब्या सुटला. जीभ जरा जड झाली. बाहेर पारा ४४ च्या वर, त्यामुळे सगळ्यांनी एकच म्हटलं, ऊन लागलं. कैरीचं पन्हं झालं, गावातल्या डॉक्टरांकडे सलाईन झालं, दुसऱ्या दिवशीही हात उचलेना तेव्हा गाडी करून शहरात नेलं. तिथे एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला दोन छोटे ताजे डाग निघाले. वय आहे, बीपी आहे, लकवा आहे, सगळं जुळतंय. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (दोन्ही रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून) आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, चार दिवसात घरी. हात बराचसा परत आला. इथपर्यंत कुणीही हेच केलं असतं.

फक्त एक गोष्ट फाईलमध्ये तेव्हापासूनच पडून होती. भरतीच्या वेळी जे रक्ताचं पॅकेज केलं होतं त्यात एलडीएच (पेशी फुटल्या-मेल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) ६४० होता (लॅबची वरची मर्यादा २५०), ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी तपासणी, ८८ आणि हिमोग्लोबिन १०. समोर हात लुळा पडलेला माणूस असताना पॅकेजच्या तिसऱ्या पानावरचा एलडीएच कोण वाचतो? आणि वाचला तरी आपल्याकडे उन्हाळ्यात सॅम्पल गाडीत तासभर फिरलं की रक्तपेशी फुटतात आणि एलडीएच खोटाच वाढून येतो, हे सगळ्यांना माहीत असल्याने तो आकडा सोडून द्यायची सवयच लागलेली असते.

समस्या कशी वाढत गेली

जूनच्या मध्यावर, कापसाची लागवड चालू असताना, आबांचा चालताना तोल जाऊ लागला आणि ते एकच प्रश्न पाच पाच वेळा विचारायला लागले, ट्रॅक्टर आला का, ट्रॅक्टर आला का. संध्याकाळी अंग गरम. विचारलं की म्हणायचे, "माले काई सुचत नई." दोन महिन्यात सदरा ढगळ व्हायला लागलेला, पण जेवण कमी झालंय म्हणून असेल असं माईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाटत होतं.

दुसरा एमआरआय झाला आणि इथून गोष्ट नेहमीच्या लकव्यापासून वेगळी झाली. नवे डाग दोन्ही बाजूंना, लहान मेंदूत, आणि ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या देठातल्या) पॉन्स या भागातही. गळ्यातल्या मोठ्या नसांचा डॉपलर साफ, मेंदूच्या नसांची एमआर अँजिओग्राफी साफ, हृदयाची इको साफ, ईसीजीत गडबड नाही. एकाच माणसाला सहा-सात आठवड्यात तीन-चार वेगवेगळ्या नसांच्या हद्दीत डाग, गुठळी येण्याचा स्रोत कुठेच नाही, आणि वर ताप.

तिथे पाठीतून पाणी काढलं. प्रोटीन वाढलेलं, ११०, पेशी ८, सगळ्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), साखर नॉर्मल, टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट निगेटिव्ह. आपल्या भागात ताप, वजन घटणं, पाण्यात प्रोटीन आणि मेंदूत डाग म्हटलं की पहिला विचार टीबीचाच येतो आणि तो चूक नाही, कारण टीबी मेनिंजायटिसमध्येसुद्धा नसांना सूज येऊन असे डाग पडतात आणि सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं होत नाही. म्हणून टीबीची औषधं आणि जोडीला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू झालं.

आणि आबा चार दिवसात सुधारले! ताप गेला, नातवाला नावाने हाक मारली, भाकरी मागून खाल्ली. घरच्यांना वाटलं निदान लागलं. मग स्टिरॉइडचा डोस ठरल्याप्रमाणे कमी होत गेला आणि तिसऱ्या आठवड्यात ताप परत, चालणं बंद, एक दिवस पहाटे फिट. त्या अवस्थेत मुलगा त्यांना आमच्याकडे घेऊन आला, हातात प्लॅस्टिकची जाड फाईल आणि एकच मागणी, "सर, ते इंजेक्शन परत चालू करा, त्याने बरं वाटतं त्यांना."

काय काय शक्यता होत्या

फाईल पहिल्या पानापासून वाचली तर एक धागा दिसत होता. एलडीएच ६४०, मग ९१०, आणि आमच्याकडे सुईतून नीट रक्त घेऊन अर्ध्या तासात लॅबला पोचवलं तेव्हा १४८०. म्हणजे सॅम्पल फुटलं वगैरे काही नव्हतं. फेरिटिन वाढलेलं, प्लेटलेट १ लाख १० हजार, हिमोग्लोबिन ८.६. पोटाची सोनोग्राफी केली, प्लीहा किंचित मोठी. गळा, काख, जांघ तपासली, गाठ एकही नाही. मलेरिया, डेंग्यू, एचआयव्ही निगेटिव्ह, रक्ताच्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही.

गाठ नसलेला लिम्फोमा (लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर) असतो, त्याचं नाव इंट्राव्हॅस्क्युलर लार्ज बी-सेल लिम्फोमा. दहा लाखात वर्षाला एकही रुग्ण नसतो इतका दुर्मीळ. यात कॅन्सरच्या बी-लिम्फोसाइट पेशी गाठ करत नाहीत, बारीक रक्तवाहिन्यांच्या आतच वाढतात. नसेची भिंत धरून बाहेर पडायला लिम्फोसाइटला काही प्रोटीन लागतात, सीडी२९ आणि सीडी५४ ही त्यातली दोन, आणि या पेशींवर ती बऱ्याचदा नसतात, म्हणून त्या आतच अडकून राहतात आणि केशवाहिन्या बुजवतात. १९५९ साली फ्लेगर आणि टापायनर या दोघांनी याचं पहिलं वर्णन केलं तेव्हा हा नसेच्या अस्तराचाच आजार वाटला होता, या पेशी लिम्फोसाइट आहेत हे १९८० च्या दशकात पेशी ओळखायला अँटिबॉडीचे रंग वापरायला लागल्यावर पक्कं झालं. युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांत मेंदू आणि त्वचेची लक्षणं जास्त दिसतात, जपानकडच्या रुग्णांत ताप, मोठी प्लीहा, कमी झालेल्या रक्तपेशी जास्त. आबांमध्ये दोन्हीची खिचडी होती.

मुलाला हे समजावताना ठिबकचं उदाहरण दिलं, कारण त्याच्या कापसाला ठिबकच आहे. मेन लाईन साफ, लॅटरल साफ, पण ड्रिपर बुजले तर झाड वाळतंच ना. डॉपलर आणि अँजिओग्राफी मेन लाईन बघतात, ड्रिपर त्यांना दिसत नाही. त्याने लगेच विचारलं, मग ड्रिपर उघडून बघायचा कसा? एकदम बरोबर प्रश्न.

आता पर्याय. पहिला म्हणजे टीबीचं औषध चालू ठेवून स्टिरॉइड परत वाढवायचं. घरच्यांना हेच हवं होतं, आणि त्याने आबा पुन्हा आठवडा-दोन आठवडे बरे दिसले असते यात शंका नाही. पण लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडने तात्पुरत्या मरतात, बायोप्सीत मग त्या सापडत नाहीत, आणि बरं वाटण्याच्या काळातच निदानाची संधी हातची जाते. स्टिरॉइडने सुधारला हा टीबीचा पुरावा नाही, व्हॅस्क्युलायटिसचाही नाही आणि लिम्फोमाचाही नाही, तिन्हींत सुधारतो, हे वाक्य मी आमच्या ज्युनियर डॉक्टरांना कितीदा तरी ऐकवतो.

दुसरा पर्याय, हा मेंदूच्या नसांचा व्हॅस्क्युलायटिस (नसांची सूज) समजून मोठा स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फामाइड द्यायचं. एमआरआय बघून कुणी हे सुचवलं असतं तर त्याला दोष देता आला नसता. अडचण हीच की सायक्लोफॉस्फामाइड लिम्फोमावरही थोडं चालतं, म्हणजे आजार अर्धवट दबतो आणि नाव कायमचं चुकीचं लागतं.

तिसरा, मुंबईला नेऊन मेंदूची बायोप्सी. सगळ्यात थेट पुरावा तोच. पण आबा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्हीवर, ती बंद करून पाच-सात दिवस थांबावं लागणार, प्लेटलेट कमी होत चाललेल्या, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाला ताप्ती लाईनच्या गाडीने किंवा अँब्युलन्सने इतकं लांब न्यायचं.

चौथा पर्याय ऐकायला विचित्र वाटतो. जिथे काहीच दिसत नाही अशा चांगल्या कातडीची बायोप्सी, चार-पाच ठिकाणची. हा आजार सगळ्या शरीराच्या बारीक नसांमध्ये असतो आणि कातडीखालच्या चरबीतल्या नसा त्याच्या खास आवडीच्या जागा, त्यामुळे मेंदू न उघडता मांडीतून उत्तर मिळू शकतं. जपानी डॉक्टरांनी ही पद्धत बरीच वापरलीये. लोकल भूल, दोन-तीन टाके, तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरात होण्यासारखं. उत्तर निगेटिव्ह आलं तर मेंदूच्या बायोप्सीचा रस्ता मोकळाच.

काय केलं

चौथा पर्याय घेतला, आणि तोपर्यंत स्टिरॉइड वाढवायचं नाही असं ठरवलं. हा सगळ्यात अवघड भाग होता, औषधाचा नाही, माणसांचा. जावई म्हणत होते की त्रास होतोय तर देऊन टाका ना, मग बघू. माई काही बोलत नव्हत्या, नुसत्या बेडपाशी बसून. एक काका बाहेरचं बघून घ्या म्हणून भगताचं नाव सुचवून गेले. मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, दोन दिवस द्या. आज इंजेक्शन दिलं तर परवा ते तुमच्याशी बोलतील, पण पुढच्या महिन्यात आपण परत इथेच असू, आणि तेव्हा शोधायला काही उरलेलं नसेल." अट एकच ठेवली, की शुद्ध अजून हरपली किंवा श्वासाला त्रास झाला तर बायोप्सीची वाट न बघता स्टिरॉइड द्यायचं. त्याने सही केली.

त्वचारोगतज्ज्ञ मॅडम आधी जरा बुचकळ्यात पडल्या. त्यांच्याकडची नेहमीची ३-४ मिलिमीटरची पंच बायोप्सी यात कामाची नाही, ती चरबीपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून सर्जनना सोबत घेतलं आणि सेंटीमीटरभर लांबीचे, खाली चरबीपर्यंतचे तुकडे काढले. दोन्ही मांड्या, पोट, दंड. पाचवा तुकडा पोटावरच्या एका लाल तिळाचा. म्हातारपणी अंगावर येणारे हे लाल ठिपके म्हणजे बारीक नसांचे गुच्छच असतात आणि या लिम्फोमाच्या पेशी तिथे दडून सापडतात. अ‍ॅस्पिरिन चालू ठेवूनच केलं, थोडं रक्त आलं, दाबून थांबलं. बोन मॅरोही त्याच बैठकीत काढला. फिटसाठी आधी फेनिटॉइन लागलेलं, ते बदलून लेव्हेटिरॅसिटॅम केलं, कारण पुढे केमो लागली तर फेनिटॉइन लिव्हरमध्ये बाकीच्या औषधांची वाट लावतं.

पॅथॉलॉजिस्टचा फोन रिपोर्टच्या आधी आला. डाव्या मांडीच्या चरबीतल्या आणि लाल तिळातल्या केशवाहिन्यांत मोठाल्या पेशी ठासून भरलेल्या, सीडी२० (बी-पेशींची खूण) पॉझिटिव्ह, सीडी३ (टी-पेशींची खूण) निगेटिव्ह, आणि सीडी३४ चा रंग नसेच्या भिंतीची रेघ स्वच्छ दाखवत होता, सगळ्या पेशी रेघेच्या आत. बाकी तीन तुकडे साफ. बोन मॅरोत काही मिळालं नाही. म्हणजे दोनच तुकडे घेतले असते आणि ते नेमके पोट आणि दंडाचे असते तर निदान हुकलं असतं. स्लाइड मुंबईला दुसऱ्या मतासाठी पाठवल्या, तेच उत्तर आलं.

स्टिरॉइड लगेच सुरू केलं, टीबीची औषधं थांबवली, आणि उपचार कुठे हा प्रश्न उभा राहिला. परळला टाटाचं नाव सगळ्यांच्या तोंडी, ते साहजिकच, पण माईंना मुंबईत राहायची सोय नाही, मुलगा एकटा, शेत वाऱ्यावर. नाशिकला धुळ्याहून हायवेने तीन-साडेतीन तास, तिथे लिम्फोमा बघणारे हिमॅटॉलॉजिस्ट आणि मेथोट्रेक्सेटची रक्तातली पातळी मोजायची सोय दोन्ही होतं, आणि सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बराचसा खर्च बसत होता. नाशिक ठरलं.

उपचार म्हणजे आर-चॉप (रिटुक्सिमॅब हे बी-पेशींवरचं अँटिबॉडी औषध आणि जोडीला केमो व स्टिरॉइड), आणि मेंदूसाठी मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट, दर चौरस मीटरला ३ ते ३.५ ग्रॅमच्या हिशोबाचं. नुसतं आर-चॉप मेंदूत पुरेसं पोचत नाही. जपानमध्ये ३८ रुग्णांवर अशाच एकत्र उपचारांचा अभ्यास झाला, २०२० साली छापून आला, दोन वर्षांनी ९२ टक्के रुग्ण जिवंत होते. हा आकडा मुलाने कुठूनतरी शोधून आणला आणि फारच खूश झाला, पण त्याला सांगावं लागलं की त्या अभ्यासात मेंदूपर्यंत आजार पोचलेले रुग्ण घेतलेलेच नव्हते, आबांना तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही.

दोन गोष्टी नाशिकच्या टीमने फार व्यवस्थित केल्या. एक, पहिल्या सायकलला रिटुक्सिमॅब आधी न देता केमोनंतर काही दिवसांनी दिलं, कारण नसांमध्ये इतक्या पेशी भरलेल्या असताना ते आधी दिलं तर जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते. दुसरी, हिपॅटायटिस बीची फक्त सरफेस अँटिजेन टेस्ट न करता कोअर अँटिबॉडीही बघितली. ती पॉझिटिव्ह निघाली, म्हणजे कधीतरी जुना संसर्ग होऊन गेलेला. रिटुक्सिमॅबने तो विषाणू परत उठतो आणि लिव्हर फेल होईपर्यंत जाऊ शकतं, म्हणून तो विषाणू दाबून ठेवणारं एन्टेकॅव्हिर सोबत सुरू झालं. औषधाच्या किमतीची भीती होती, पण रिटुक्सिमॅब २००७ पासून भारतातही बनतंय म्हणून ते निदान आवाक्यात तरी आहे.

मेथोट्रेक्सेटच्या वेळी आमचं काम गावाकडचं होतं. या औषधाच्या दिवसांत भरपूर सलाईन, लघवी अल्कलाइन ठेवायला सोडाबायकार्ब, २४ तासांनी त्याचा उतारा म्हणून ल्युकोव्होरिन, हे सगळं हॉस्पिटलात होतं, पण घरी आल्यावर पाठ दुखली म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आणि पोट जळतं म्हणून पॅन्टोप्राझोल हे गावात अर्ध्या तासात मिळतं, आणि दोन्हींमुळे मेथोट्रेक्सेट शरीरात तुंबतं. मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून ती आबांच्या फाईलवर आणि गावातल्या डॉक्टरांच्या टेबलावर, दोन्हीकडे चिकटवली.

पुढे काय झालं

ताप स्टिरॉइड आणि पहिल्या केमोनंतर गेला तो आला नाही. दुसऱ्या सायकलनंतर एलडीएच नॉर्मल. मध्ये एकदा पांढऱ्या पेशी खूप कमी होऊन तापाने भरती व्हावं लागलं, एकदा क्रिएटिनिन वाढला म्हणून मेथोट्रेक्सेटचा डोस कमी केला. आर-चॉपच्या सहाही सायकल पूर्ण झाल्या. शेवटच्या पेट स्कॅनमध्ये कुठे काही चमकलं नाही, एमआरआयमध्ये नवा डाग नाही.

दीड वर्षानंतर आबा काठी घेऊन ओट्यापर्यंत आणि कधी कधी चौकापर्यंत जातात. कापसाचा भाव विचारतात, सांगितलेला भाव संध्याकाळपर्यंत विसरतात. उजव्या हाताने सही जमत नाही म्हणून बँकेत अंगठा. मोटरसायकलची चावी मुलाने काढून घेतली त्यावरून घरात अजून भांडण होतं. मेंदूचा जो भाग रक्ताविना मेला तो केमोने परत येत नाही, आणि जुलैमध्ये मुलाला हे सांगितलं होतं तरी त्याला ते खरं पटलं ते केमो संपल्यावर. दर तीन महिन्यांनी तपासणी आणि एलडीएच चालू आहे. हा आजार परत येऊ शकतो, आणि आला तर बऱ्याचदा मेंदूतच.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या लकव्याला निदान व्हायला हवं होतं असं मला वाटत नाही. ती अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, साठीतल्या बीपीवाल्या माणसाच्या प्रत्येक लकव्यामागे लिम्फोमा शोधायला गेलो तर काम चालणारच नाही. पण वाढलेला एलडीएच आणि ८८ चा ईएसआर महिन्याभराने एकदा परत करून बघणं, एवढं डिस्चार्ज कार्डवर लिहिता आलं असतं. दोन-तीनशे रुपयांचं काम.

खरं वळण जूनमधलं. वेगवेगळ्या हद्दीतले नवे डाग, ताप, स्रोत नाही आणि एलडीएच ९१०, या चार गोष्टी एकत्र आल्यावर स्टिरॉइड सुरू करण्याच्या आधी कातडीची बायोप्सी झाली असती तर चार-पाच आठवडे वाचले असते, आणि पॉन्समधला डाग वाढला तो त्याच आठवड्यांत. टीबीची औषधं सुरू करण्याला माझा विरोध नाही, रुग्ण गंभीर असेल तर थांबू नयेच. फक्त बायोप्सी आणि औषध हे एकाच दिवशी होऊ शकतं, सकाळी तुकडे काढा, दुपारी डेक्सामेथासोन द्या.

आणि हे काम कुणी आपल्या गावी करणार असेल तर पॅथॉलॉजीच्या चिठ्ठीकडे लक्ष द्या. चिठ्ठीवर नुसतं "ताप, स्किन बायोप्सी" लिहिलं तर बघणारा वरच्या थरात पुरळ शोधतो, पुरळ नसतं, तो नॉर्मल लिहून मोकळा होतो. आमच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की चरबीतल्या केशवाहिन्यांच्या आत मोठ्या पेशी आहेत का बघा, दिसल्या नाहीत तरी सीडी२० लावून बघा, आणि पाचही तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत, बाटलीवर जागेचं नाव.